अकरा खिडक्या

ओस्तोया सुताराने ज्या घराला अकरा खिडक्या बसवल्या ते घर त्याचं नव्हतं, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. घर होतं रेझा नावाच्या एका क्रोएट विधवेचं. युगोस्लाव्हिया फुटून सर्ब-क्रोएट लढाई पेटली त्या पहिल्याच शरद ऋतूत तिला गाव सोडावं लागलं. पुढे चार वर्षांनी ओस्तोयाला त्याचं पाक्रात्सकडचं डोंगरातलं गाव सोडावं लागलं. तिला सर्बांनी घालवलं, याला क्रोएटांनी. रेझाने कधी कुणा सर्बाचं वाईट केलं नव्हतं आणि ओस्तोयाने रंध्यापेक्षा धारदार काही हातात धरलं नव्हतं, पण असल्या गोष्टींची चौकशी त्या दिवसांत कुणी करत नव्हतं.

ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून, त्यात हत्यारांची पेटी, एक शिवणयंत्र आणि बायको स्मिल्या एवढंच घेऊन तो डॅन्यूबकाठच्या, सर्बांच्या ताब्यातल्या या सपाट मुलखात आला तेव्हा पंचायतीतल्या माणसाने त्याला रेझाच्या घराची किल्ली दिली. किल्ली पाहून त्याला बरं वाटलं. घरापाशी पोचल्यावर कळलं की कुलूप लावायला दारच नाही. छप्पर शाबूत होतं, भिंती होत्या, आणि बाराच्या बारा खिडक्यांच्या जागी युनोने वाटलेला प्लास्टिकचा कागद फडफडत होता, निळ्या अक्षरांचा. वारा आला की सगळं घर फुगायचं आणि बसायचं.

त्याने आधी दार केलं आणि मग खिडक्या करायला घेतल्या. लाकूड गावाबाहेरच्या पडक्या धान्यकोठाराचं, ओकच्या जुन्या तुळयांचं. कोठार सरकारी होतं. पण तिथलं सरकार नक्की कोणतं हेच ठरायचं होतं, त्यामुळे परवानगी विचारायला कुणी नव्हतं. चौदा महिने तो खपला. चौकटी, झडपा, बिजागरीच्या खाचा, सगळं हाताने. आणि मापं घेताना त्याने या घराच्या भिंतींना टेप लावलाच नाही. मापं त्याच्या डोक्यात होती. त्याच्या डोंगरातल्या घराच्या खिडक्या त्याच्या बापाने केलेल्या, त्या त्याने तीस वर्षं रंगवल्या होत्या, आणि त्या घराला अकरा खिडक्या होत्या. त्याने त्याच अकरा पुन्हा केल्या. रेझाच्या घरातली भोकं मोठी होती, तर त्याने दोन्ही अंगांनी वीत-वीत वीटकाम करून ती अरुंद करून घेतली, वरून गिलावा फिरवला, चुना दिला. बाराव्या खिडकीला, मागच्या न्हाणीघराच्या, प्लास्टिकच राहू दिलं. कधी ना कधी आपण घरी जाऊ, तेव्हा खिडक्या काढायच्या आणि तिथे नेऊन बसवायच्या, असा त्याचा बेत होता. हा बेत त्याने तेव्हा बायकोलाही सांगितला नाही, आणि मापांचं तर नंतरही नाही. घरी परत जाण्याची भाषा त्या गावात कुणी उघडपणे बोलत नसे.

मग ती वेळ आली. मुलूख क्रोएशियाला परत द्यायचा, पण गोळी न झाडता आणि टप्प्याटप्प्याने, असं मोठ्या लोकांनी कुठेतरी बसून ठरवलं होतं, आणि त्यासाठी युनोचे निळ्या टोप्यांचे सैनिक दीड वर्ष गावोगाव फिरत होते. आता त्यांची मुदत संपत आली होती. हाकललेल्या क्रोएटांनी यायचं, आलेल्या सर्बांनी हवं तर राहायचं, हवं तर आपापल्या मूळ घरी जायचं. कागदावर फार सोपं होतं. गल्लीतले बहुतेक लोक मात्र नदीपलीकडे सर्बियात निघाले होते, आणि निघताना हाती लागेल ते उचलत होते. कुणी न्हाणीचा टब काढला, कुणी फरशा उचकटल्या, एकाने तर भिंतीतली वीज-तार ओढून काढली आणि गुंडाळी करून गळ्यात घातली.

ओस्तोया हे सगळं कुंपणाशी उभा राहून बघायचा आणि थुंकायचा. "चोर आहेत साले," तो स्मिल्याला म्हणायचा. "मी नेणार ते माझ्या हाताने केलेलं. दुसऱ्याचा एक खिळा नेणार नाही."

"आणि खिळा ठोकलास ती भिंत कुणाची?" स्मिल्या विचारायची. ती खिडक्या नेण्याच्या विरुद्ध होती. लोक आपल्यालाही त्यांच्यातलंच धरतील, एवढंच तिचं म्हणणं.

सप्टेंबरात युनोच्या कचेरीतून चिठ्ठी आली. ओस्तोयाने परतीच्या यादीत नाव घातलं होतं. त्याचं घर रिकामं झालं होतं. भिंती आहेत, छप्पर आहे, बाकी काही नाही, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. दारं, खिडक्या, उंबरेसुद्धा कुणीतरी नेले होते. परत जाणाऱ्यांचा ताफा ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी निघणार होता. डोंगरात नोव्हेंबरात बर्फ पडतं. खिडक्या घेऊन गेलो तर हिवाळ्याआधी घर उभं करता येईल, नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी ओसरीत दिवस काढावे लागतील, आणि छप्पन्नाव्या वर्षी ते त्याला नको होतं.

अडचण एकच होती. नाक्यावर आता सामान तपासत होते. गल्लीतल्यांचे टब आणि दारं तिथे रस्त्याकडेला ढिगाने पडली होती. म्हणून ओस्तोया कागद मागायला युनोच्या पोलिस निरीक्षकाकडे गेला. निरीक्षक केनियाचा होता, किप्रोनो नावाचा, उंच आणि सावकाश बोलणारा. त्याचं बोलणं स्लाजाना नावाची गावातलीच मुलगी उलगडून सांगायची.

"ट्रॅक्टरसाठी फॉर्म आहे," किप्रोनो म्हणाला. "गायीसाठी आहे. मधमाश्यांच्या पेट्यांसाठीही आहे. खिडकीसाठी नाही. खिडकी भिंतीत असली की ती घर असते."

"मग काढून आणतो," ओस्तोया म्हणाला.

"काढलीस की ती सामान होते. मग मला विचारावं लागेल, कुणाच्या घरातून काढलीस."

ओस्तोया स्लाजानाकडे वळला. "त्याला सांग, माझ्याकडे गाय असती तर बरं झालं असतं."

स्लाजानाने ते सांगितलं की नाही कोण जाणे, पण किप्रोनो हसला. त्याने एका कोऱ्या कागदावर चार ओळी टाइप करवून घेतल्या, शिक्का मारला आणि खाली एक रेघ मोकळी सोडली. घरमालकाने इथे सही केली तर नाक्यावर कुणी अडवणार नाही, असं त्याने सांगितलं. मालक रविवारी घर बघायला येणारच होते. सही नसेल तर खिडक्या रस्त्याकडेच्या ढिगात जातील.

रविवारी युनोच्या पांढऱ्या गाडीतून दोघं उतरली. रेझा चौऱ्याहत्तर वर्षांची, काळ्या कपड्यांतली, हातात पर्स घट्ट धरलेली. तिचा मुलगा बार्तोल पंचेचाळिशीचा, खिशात टेप आणि वही. मागून किप्रोनो, स्लाजाना आणि नव्या मिश्र पोलिस दलाचे दोन शिपाई, एक सर्ब, एक क्रोएट, एकाच रंगाच्या गणवेशात, एकमेकांकडे न बघता. स्मिल्याने सकाळपासून कॉफीची भांडी चकचकीत करून ठेवली होती. कपही रेझाचेच होते, माळ्यावर सापडलेले. ते वापरावेत की आपले पत्र्याचे काढावेत यावर तिने तासभर घालवला होता, आणि शेवटी रेझाचेच काढले.

"या, बसा," स्मिल्या म्हणाली आणि लगेच लाजेने लाल झाली.

"बसते," रेझा म्हणाली. "खुर्ची तीच आहे." ती बसली नाही. रस्त्याकडच्या खोलीत गेली आणि मध्यभागी उभी राहिली. ओस्तोया दारात थांबला. त्याने वाद घालायची तयारी केली होती, आठवडाभर पाठ केली होती. लाकूड कुणाचं, घाम कुणाचा, प्लास्टिक कुणी काढलं.

रेझा खिडकीशी गेली. कडी काढून तिने झडप बाहेर ढकलली. झडप हलली नाही. पुन्हा ढकलली.

"आत ओढायची आहे, मावशी," ओस्तोया म्हणाला.

तिने आत ओढली. कट्ट्यावरची जिरेनियमची कुंडी झडपेने ढकलली गेली आणि जमिनीवर फुटली. स्मिल्या धावली.

"कुणी केलं हे शहाणपण?"

"मी. आमच्याकडे आतच उघडतात. बाहेर उघडली तर वारा बिजागरीसकट घेऊन जातो."

"इथं कुठला आलाय वारा? इथं तर कोंबडीची पिसंसुद्धा जागची हलत नाहीत." रेझाने दोन्ही कोपरं कट्ट्यावर टेकली आणि रस्त्याकडे वाकली. मग ती तशीच थांबली. तिने आधी डावा खांदा हलवला, मग उजवा. दोन्ही बाजूंनी भिंत लागत होती.

"बार्तोल," तिने हाक मारली. "इकडे ये. माझ्याजवळ उभा राहा."

"काय झालं, आई?"

"उभा राहा म्हणते ना."

बार्तोल तिच्या शेजारी उभा राहायला गेला. त्याला जागा झाली नाही. त्याचा अर्धा खांदा भिंतीला लागला.

"तुझा बाप आणि मी इथे रोज संध्याकाळी बसायचो," रेझा म्हणाली. "एका उशीवर दोघांची कोपरं. तो काही बारीक नव्हता. या खिडकीत आम्ही दोघं मावायचो." तिने वळून खोलीकडे पाहिलं. "आणि आत आल्यापासून मी म्हणते आहे, दिवसा इतका अंधार कसा. मला वाटलं, डोळ्यांनी दगा दिला. माझी खिडकी कुणी लहान केली?"

ती तशीच पुढे निघाली, एकेका खोलीत शिरून भिंतीवर हात फिरवत, नव्या गिलाव्याची कड बोटाने चाचपत. न्हाणीघरात तिला प्लास्टिक दिसलं.

"बाकी सगळीकडे ओक, आणि इथे कागद. का?"

ओस्तोयाने पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं. "माझ्या घराला अकराच आहेत," तो म्हणाला.

"तुझ्या घराला?"

"डोंगरातल्या. तिथली मापं आहेत ही."

स्मिल्या हातात फुटक्या कुंडीचे तुकडे घेऊन मागे उभी होती. "म्हणजे दोन वर्षं मी तिथल्या उजेडात शिवत बसले होते?" ती नवऱ्याला म्हणाली. "आणि मला वाटायचं, इथे आपल्याला घरच्यासारखं का वाटतंय. मेल्या, मला तरी सांगायचंस."

रेझाने तिच्याकडे पाहिलं, मग ओस्तोयाकडे. रागावली होती हे उघड होतं. कुणी आपल्या घरात राहिलं हे तिने वाटेतच पचवून ठेवलं होतं. राहणारच, रिकामं घर कोण सोडतं. पण आपल्या घराच्या आत बसून कुणी दुसरंच घर बांधत होतं, हे तिला पचेना. ती कॉफीला हात न लावता अंगणातल्या बाकावर जाऊन बसली.

मग बार्तोलने ओस्तोयाला गोठ्यामागे बोलावलं. ओस्तोयाने मुठी आवळल्या.

"मिस्त्री, खिडक्या कधी काढताय?"

"त्या माझ्या आहेत. लाकूड, मजुरी—"

"अहो, तुमच्याच. नाही कोण म्हणतंय? घेऊन जा. पण गुरुवारच्या आत घ्या." बार्तोलने आवाज खाली आणला. "गुरुवारी नुकसानीची पाहणी करायला समिती येते. खिडक्या दिसल्या तर घर तिसऱ्या वर्गात जाईल, म्हणजे मदत चुन्याचं पोतं आणि ब्रश एवढीच. खिडक्या नसल्या तर चौथा वर्ग. मग सरकार छपरापासून सगळं नवं करून देतं. जमलं तर एखादी चौकटही मोडून ठेवा."

ओस्तोया आठवडाभर भांडणाची तयारी करून आला होता. भांडण न होताच तो जिंकला होता, आणि कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं त्याला वाटत होतं. चौदा महिन्यांचं काम; एकीला ते अंधार वाटलं, दुसऱ्याला अडगळ. त्याने खिशातून किप्रोनोचा कागद काढला. "मग सही करा."

"घर आईच्या नावावर आहे," बार्तोल म्हणाला. "तिला मी सांगतो."

रेझाने कागद वाचला. दोनदा वाचला. मुलाने कानाशी लागून समिती, वर्ग, छप्पर असं बरंच काही सांगितलं. तिने ते संपू दिलं आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

"याच्या खिडक्या याच्या," ती ओस्तोयाकडे बघत म्हणाली. "भिंत माझी. आधी माझी भिंत होती तशी करून दे. विटा काढ, गिलावा सरळ कर, माझं भोक मला परत दे. मग सही."

"मावशी, शनिवारी ताफा निघतोय. अकरा खिडक्या आहेत. बावीस अंगं फोडायची."

"विटा बसवताना घाई नव्हती, आता का?"

"आणि खिडक्या गेल्या की हिवाळ्यात करशील काय, आई?" बार्तोल म्हणाला. "पुढच्या वर्षी काम सुरू होईल. तोवर हॉटेलातच राहायचं आहे."

"सहा वर्षं मी त्या हॉटेलात आहे," रेझा म्हणाली. "विस्थापितांसाठी दिलेलं, फुकटचं, समुद्राकाठचं. खिडकी उघडत नाही, काच पक्की बसवलेली. मी आता इथून हलत नाही."

किप्रोनोने घड्याळ पाहिलं. भेटीची मुदत एक तास होती आणि तो केव्हाच उलटून गेला होता. स्लाजानाने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. मालकाने ताबा घेण्याची तारीख एक नोव्हेंबर होती. त्याआधी राहायची परवानगी नव्हती. रेझा अंगणात वेगळ्या बांधलेल्या उन्हाळी स्वयंपाकघरात गेली, एक खुर्ची बाहेर ओढली आणि तिच्यावर बसली.

"त्याला विचार," ती स्लाजानाला म्हणाली, "मला उचलायला कुठला फॉर्म आहे."

नव्हता. किप्रोनोने दोन्ही शिपायांना फाटकाशी ठेवलं आणि तो गेला.

त्या संध्याकाळी शेजारचा निकोला कुंपणावरून डोकावला. तो उद्याच नदीपलीकडे निघाला होता. "कशाला त्या म्हातारीच्या नादी लागतोस?" तो ओस्तोयाला म्हणाला. "शेतातल्या वाटेने चल. माझ्या ट्रेलरवर तुझ्या खिडक्या टाकू. तासाभरात सर्बियात. कागद नको, सही नको. तिकडे ओकच्या खिडकीला गिऱ्हाईक रांगेने उभं आहे."

ओस्तोयाने त्याला रात्री सांगतो म्हटलं, पण रात्री काही सांगायला गेला नाही. निकोलाच्या ट्रेलरवर सगळ्यात वर त्याच्या घरमालकाचा न्हाणीचा टब उलटा घातलेला होता.

सोमवारी सकाळी त्याने पहिली चौकट सोडवली. चौकट सुटली तेव्हा त्याला बरं वाटलं. भिंतीचा एकही कोपरा उडाला नव्हता. मग छिन्नी घेऊन तो आपलंच वीटकाम फोडायला लागला. ते त्याने इतकं चांगलं केलेलं होतं की दुपारपर्यंत दोनच खिडक्या मोकळ्या झाल्या. त्याच्या हातांना फोड आले आणि घरभर लाल धूळ झाली. रेझा खुर्ची सरकवत सरकवत मागे यायची आणि बघत बसायची.

"इतकं मजबूत कशाला केलंस?"

"मला कच्चं काम येत नाही."

"मग आता भोग."

मंगळवारपासून स्मिल्याही पाटी घेऊन राडारोडा वाहू लागली. दुपारी तिने पिटा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, भाजली आणि फाटकावरच्या शिपायांना एकेक तुकडा दिला. दोघं वेगवेगळ्या टोकांना उभे राहून खायचे. बुधवारी पाऊस भुरभुरला तेव्हा दोघांनाही गोठ्याच्या एकाच पत्र्याखाली यावं लागलं, आणि त्यातल्या एकाचा मामा आणि दुसऱ्याचा सासरा एकाच साखर कारखान्यात होते असं निघालं. मग त्यांनी पाटी उचलायला मदतही केली, वरिष्ठांना कळू न देता. रेझा त्यांना हुकूम सोडायची. तिच्यासारखी मुकादमीण ओस्तोयाने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

एकदा ती स्मिल्याला म्हणाली, "तुझा नवरा मुका आहे का गं?"

"कामात असला की मुका, मावशी. घरात असला की बहिरा."

रेझा हसली. हसताना तिने तोंडावर हात धरला, कारण तिचे पुढचे दात नव्हते आणि तिला ते परक्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

गुरुवारी समितीची दोन माणसं आली. त्यांनी नऊ मोकळी भोकं पाहिली, धूळ पाहिली, राडारोडा पाहिला, आणि वहीत चार लिहिलं. बार्तोलचा चेहरा उजळला. मग त्यांतल्या एकाला अंगणातल्या चुलीवर मिरचीचा रस्सा शिजताना दिसला आणि त्याने विचारलं, राहण्यालायक नसलेल्या घरात हे कोण राहतंय?

"मी राहतेय," रेझा म्हणाली. "घर लायक नसेल तर लिहा, म्हातारीही लायक नाही. दोघांनाही चौथ्या वर्गात घाला."

त्यांनी घातलं की नाही ते पुढे कळलं नाही. बार्तोल मात्र त्या दिवशी आईवर चिडून शहरात निघून गेला.

शुक्रवारी शेवटच्या खिडकीचा गिलावा ओला असतानाच ओस्तोयाने युनोच्या प्लास्टिकची नवी गुंडाळी उलगडली. प्लास्टिक त्याने किप्रोनोकडूनच आणलं होतं. त्यासाठी फॉर्म होता. त्याने पट्ट्या रंधून घेतल्या, प्लास्टिक दुहेरी घडीचं केलं, ताणून बसवलं, दर वीतभर अंतरावर खिळा. असं प्लास्टिक त्या मुलखात दुसऱ्या कुणी बसवलेलं नसेल. तरी ते प्लास्टिकच होतं. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा घर जसं होतं तसं पुन्हा झालं होतं. तो इतके दिवस स्वतःला गल्लीतला एकटा सरळ माणूस समजत होता. टब नेणाऱ्याने टब नेला, ते उघड दिसलं. आपण दोन वर्षं एका बाईच्या घरातला उजेड वीत-वीत काढून घेत होतो आणि त्याला डागडुजी म्हणत होतो. त्याला लाज वाटली.

रस्त्याकडच्या खोलीतली खिडकी त्याने शेवटी केली. तिथलं प्लास्टिक त्याने खाली ठोकलं नाही. वर एक गोल दांडी बसवली, म्हणजे दिवसा गुंडाळून वर बांधता येईल. रेझाने दांडी फिरवून पाहिली. प्लास्टिक वर गेलं आणि खोलीत ऑक्टोबरचं पिवळं ऊन आलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"थंडी लागेल," ओस्तोया म्हणाला.

"लागू दे."

"मावशी, मी तुमची खोली अंधारी केली."

"केलीस," रेझा म्हणाली. आणि ती स्वयंपाकघरात गेली.

शनिवारी सकाळी किप्रोनो ताफ्याची यादी घेऊन आला. अकरा खिडक्या ट्रेलरवर उभ्या रचल्या होत्या, मधे गोधड्या घालून, दोरखंडाने आवळून. रेझाने पर्समधून कागद काढला, किप्रोनोकडून पेन मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. सहीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ ती आत होती. बाहेर आली ती कागदाची चार घड्या घालून. तिने तो ओस्तोयाच्या हातात नाही दिला, त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात खुपसला, मुलाच्या खिशात खाऊचे पैसे घालावे तसा.

"नाक्यावर दाखव. वाटेत उघडू नकोस, वाऱ्याने उडेल."

ओस्तोयाने टोपी काढली. स्मिल्याने रेझाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. ट्रॅक्टर सुरू झाला.

विन्कोव्त्सीच्या रस्त्यावरच्या नाक्याशी ताफा थांबला. रस्त्याकडेला टब आणि दारांचा ढीग होताच. एक तरुण क्रोएट पोलिस ट्रेलरभोवती फिरला, गोधडी उचलून ओकवरून हात फिरवला आणि ढिगाकडे बोट केलं.

"उतरवा."

ओस्तोयाने खिशातून कागद काढून दिला. पोलिसाने चारही घड्या उलगडल्या. युनोच्या चार छापील ओळी त्याने मनातच वाचल्या, शिक्का पाहिला. सहीच्या वर आणि खाली, समासातसुद्धा, हाताने लिहिलेलं होतं, वळणदार, जुन्या शाळेतलं अक्षर. ते लागेना म्हणून तो मोठ्याने वाचू लागला.

"ह्या अकरा खिडक्या सुतार ओस्तोया याच्या आहेत. त्याने त्या स्वतःच्या हाताने केल्या. मी घरी नव्हते तेव्हा दोन हिवाळे ह्यांनी माझं घर कोरडं ठेवलं. जमिनी फुगल्या नाहीत, नवऱ्याचं कपाट कुजलं नाही. भिंतीबद्दल आमचं मिटलं. त्याला अडवू नये, त्याच्या घरी थंडी आहे. रेझा फिलाकोविच, घराची मालकीण."

पोलिसाने वर पाहिलं. छप्पन्न वर्षांचा माणूस ट्रॅक्टरच्या चाकावर हात टेकून उभा होता आणि रडत होता, लपवायचंही त्याला सुचत नव्हतं.

"ही कोण तुमची?" पोलिसाने विचारलं.

ट्रेलरवरून स्मिल्याने उत्तर दिलं.

"आमची घरमालकीण," ती म्हणाली.

पोलिसाने कागद पुन्हा होता तशा चार घड्यांत घातला, परत दिला, आणि पुढच्या गाडीला हात केला.